हिरडीखालचे संशयित

१८३९ साली बर्नहार्ड लांगेनबेक या जर्मन शल्यविशारदाने विषमज्वराने दगावलेल्या एका रुग्णाचं शव तपासलं. घशात आणि अन्ननलिकेत पांढरे चट्टे होते. त्यातला थोडा भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर बुरशीचे धागे आणि गोलसर पेशी दिसल्या. लांगेनबेकने निष्कर्ष काढला की विषमज्वर या बुरशीमुळे होतो. निष्कर्ष साफ चुकला, निरीक्षण मात्र पक्कं होतं. आज आपण जिला कँडिडा म्हणतो त्या यीस्टची वैद्यकातली ही पहिली नोंद, आणि ती झाली ती न केलेल्या गुन्ह्यासाठी.

तिचा खरा उद्योग उघड व्हायला फार काळ लागला नाही. स्टॉकहोममधल्या अनाथ बालकांच्या रुग्णालयात फ्रेड्रिक बेर्ग काम करत होता. तान्ह्या मुलांच्या जिभेवर आणि गालाच्या आतून पडणारे पांढरे चट्टे बुरशीचेच असतात, हे त्याने १८४१ पासून पुढच्या काही वर्षांत दाखवून दिलं. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबीनेही तेच सांगितलं. १८५३ मध्ये शार्ल रोबँने तिला ‘ओइडियम अल्बिकन्स’ हे नाव दिलं आणि पुढे १९२३ मध्ये क्रिस्टीन बेर्खाउट या डच संशोधिकेने कँडिडा ही प्रजात मांडली. रॉबर्ट कॉखचं अँथ्रॅक्सवरचं गाजलेलं काम १८७६ सालचं. म्हणजे जिवाणूंमुळे रोग होतात हे जगाला पटण्याच्या तीसेक वर्षं आधी तोंडातल्या एका यीस्टवर रोगाचा आरोप सिद्ध झालेला होता.

असं असूनही हिरड्यांच्या रोगाची चौकशी सुरू झाली तेव्हा या यीस्टला कुणी बोलावलं नाही. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं अमीबावर संशय गेला, मळसूत्री जिवाणूंवर गेला, माणसाच्या अंगच्या दोषांवर गेला, निरनिराळ्या जिवाणूंवर आळीपाळीने गेला. आरोपी बदलत राहिले. आरोपी एकच असला पाहिजे हा हट्ट मात्र कायम होता, आणि हिरड्यांच्या रोगाचा इतिहास बराचसा या हट्टाचाच इतिहास आहे.

रोग तसा सर्वांच्या ओळखीचा. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर चिकट थर साचतो, हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येतं. काहींच्या बाबतीत प्रकरण तिथेच थांबतं. काहींच्या बाबतीत हिरडी दातापासून सुटून मध्ये खोल कप्पा तयार होतो, त्यात पू होतो, खालचं हाड झिजतं आणि अखेर न किडलेला, धडधाकट दात हलून पडतो. मराठी घरांत याला पायरिया म्हणतात.

सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग मोजले आहेत आणि त्यातले पंधरा दातांच्या मुळांशी, म्हणजे हिरड्यांशी निगडित आहेत. एकट्या दातांचे आठच. शीताद या रोगात हिरड्यांतून अचानक रक्त येतं, त्या मऊ पडतात, दुर्गंधी सुटते. दंतवेष्टात पू आणि रक्त वाहतं, दात हलू लागतात. वर्णन इतकं नेमकं आहे की आजच्या दंतवैद्याला ते वाचून रुग्ण डोळ्यांपुढे आणता येईल. कारण अर्थातच कफ आणि रक्त यांच्या दोषात शोधलेलं. पण उपचारात एक सूचना आहे: हिरडीला इजा न करता दंतशर्करा, म्हणजे दातावरचं किटण, खरवडून काढावं. कारण बदललं, उपाय टिकला. पुढे हे पुन्हापुन्हा दिसेल.

दाताच्या किडीची कल्पना याच्या शेजारीच नांदत होती. बॅबिलोनपासून युरोपपर्यंत दातात खरोखरीचा किडा असतो अशी समजूत होती. युरोपात खुरासानी ओव्याच्या जातीतल्या वनस्पतीच्या बियांची धुरी देऊन तो बाहेर काढत, आपल्याकडे रिंगणीच्या बियांची. १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशारने दंतचिकित्सेवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा आपण सूक्ष्मदर्शकातून पाहिलं पण असा किडा काही आढळला नाही, असं त्याने स्पष्ट नोंदवलं. किडा गेला. पण दुखण्याला एक जिवंत, अंग असलेला शत्रू हवा ही ओढ काही गेली नाही.

गंमत म्हणजे तोवर खरे रहिवासी एकाने पाहूनही झाले होते. डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक याने १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. पन्नाशीचा हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घासायचा, चूळ भरायचा, जेवल्यावर काडीने दात कोरायचा, कापडाने पुसायचा. तरी दाढांच्या फटीत पांढरा, पिठूळ थर उरायचाच. तो थर पावसाच्या पाण्यात कालवून त्याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिला आणि त्यात वळवळणारे, गिरक्या घेणारे, बाणासारखे सुटणारे जीव दिसले. मग त्याने इतरांच्या दातांवरचा थर मागितला. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांची गर्दी विलक्षण होती. आपल्या एकट्याच्या तोंडात जितके जीव आहेत तितकी माणसं सगळ्या नेदरलँड्समध्ये नसतील, असा हिशोबही त्याने मांडला.

त्या पत्रातली दुसरी एक नोंद जास्त महत्त्वाची होती आणि ती जवळजवळ तीनशे वर्षं पडून राहिली. लेव्हेनहूकने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. पाण्यात सुटे करून घेतलेले जीव व्हिनेगरने तत्काळ मरत, पण दातावर चिकटलेल्या थरातले तगून राहत. व्हिनेगर थराच्या आत पोचत नाही, हे त्याने ओळखलं. जंतू एकेकटे राहत नाहीत, थर करून राहतात आणि तो थरच त्यांचं संरक्षण करतो, हे आजच्या सूक्ष्मजीवशास्त्राचं एक मूलभूत सूत्र. या कापडवाल्याला ते आपल्याच दाढेवर सापडलं होतं. याच माणसाने १६८० मध्ये बिअरमधलं यीस्टही पाहिलं होतं. त्याच्या लेखी ते गोळे होते, जीव नव्हते. जे हलत नाही ते जिवंत वाटत नाही, ही अडचण पुढेही यीस्टला नडली.

पुढचा थांबा अमेरिकेत, हार्टफर्ड गावी. जॉन मॅन्की रिग्ज हा तिथला दंतवैद्य. ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड हुंगलेल्या हॉरेस वेल्स या दंतवैद्याची दाढ काढणारा तो हाच. रिग्जला जंतूंशी काही देणंघेणं नव्हतं. हिरड्या खराब होतात त्या दातावर साचलेल्या घाणीमुळे, ती हिरडीच्या आत शिरून खरवडली की रोग आटोक्यात येतो, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी हत्यारंही त्याने स्वतः घडवली. १८७० च्या दशकात त्याने हे व्यवसायबंधूंपुढे मांडलं, आणि अमेरिकेत या दुखण्याला ‘रिग्जचा रोग’ असंच नाव पडलं. त्याआधी अशा हिरड्यांवर औषध लावत किंवा दात उपटत. रिग्जने दात वाचवले, तेही जंतूंचा सिद्धांत न मांडता.

सिद्धांत बर्लिनमध्ये तयार होत होता. विलोबी डेटन मिलर हा ओहायोत जन्मलेला अमेरिकन, बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि कॉखच्या पद्धती शिकून त्या तोंडावर वापरू लागला. त्याचं तोंडातल्या सूक्ष्मजीवांवरचं पुस्तक १८८९ मध्ये जर्मनमध्ये आणि १८९० मध्ये इंग्रजीत निघालं. दात कसे किडतात याची त्याची उपपत्ती आजही शिकवली जाते. हिरड्यांच्या बाबतीत मात्र त्याने सांगितलं ते त्या काळाला रुचणारं नव्हतं. पायरिया कुणा एका जिवाणूमुळे होत नाही. शरीराची अनुकूल अवस्था, जागेवरची सततची टोचणी आणि तोंडात एरवीही असणाऱ्या अनेक जिवाणूंचा समुदाय या तिन्हींच्या मेळातून तो होतो.

हे लिहिलं गेलं तो काळ लक्षात घ्यायला हवा. क्षयाचा जिवाणू १८८२ मध्ये सापडला होता, कॉलऱ्याचा १८८४ मध्ये ओळखला गेला होता, घटसर्प, धनुर्वात, प्लेग एकामागून एक उलगडत होते. एक रोग, एक जंतू, एक लस. त्या जल्लोषात ‘समुदाय’ हे उत्तर म्हणजे हार मानल्यासारखं वाटलं असणार. मिलर बरोबर होता, आणि बरोबर असण्याचा त्याला काही उपयोग झाला नाही. १९०७ मध्ये तो वारला.

त्याच्या नावावर एक नको ते श्रेयही जमा झालं. तोंडातले जंतू शरीरभर रोग पसरवतात असं त्याने १८९१ मध्ये लिहिलं होतं. विल्यम हंटर या लंडनच्या वैद्याने १९१० मध्ये मॉन्ट्रियलला मॅक्गिल विद्यापीठात केलेल्या भाषणात अमेरिकन दंतवैद्यांच्या सोन्याच्या टोप्यांवर तोफ डागली: खाली सडलेलं झाकून वर सोनं चढवता! आणि मग दात उपटण्याची लाटच आली. संधिवात? दात काढा. थकवा? दात काढा. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात, मग टॉन्सिल, मग आतड्याचे भाग काढू लागला. स्वतःच्या मुलांचेही दात त्याने काढून टाकले. हिरड्यांचे जंतू कोणते हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्यांना बेघर करण्याची घाई सर्वांना होती.

आणि नेमका याच सुमारास गुन्हेगार सापडला. म्हणजे तसं वाटलं. दातांवरच्या थरात राहणारा अमीबा १८४९ मध्येच रशियात ग्रोस याने पाहून ठेवला होता. त्याचे दिवस फिरायला निमित्त झालं कलकत्त्याचं. तिथे लिओनार्ड रॉजर्सने १९१२ मध्ये अमीबाच्या आमांशावर एमेटिनची इंजेक्शनं देऊन दाखवली, आणि मरणाच्या दारातले रुग्ण उठून बसू लागले. औषध हाताशी आलं, आता त्याला रोग हवे होते. १९१४ मध्ये फिलाडेल्फियात बॅरेट आणि स्मिथ यांनी, आणि त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठात चार्ल्स बॅस आणि फॉस्टर जॉन्स यांनी पायरियाच्या कप्प्यातल्या पुवात अमीबा पाहिला. तिथे तो इतक्या नियमाने दिसे की दुसरं कारण शोधायची गरजच वाटेना. बॅस आणि जॉन्स यांनी १९१५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. एमेटिन टोचा, अमीबा मारा, पायरिया संपला. मोठ्या अवजड जिवाणूशास्त्रापेक्षा हे किती सुटसुटीत!

पण सुई थांबली की हिरड्या पुन्हा रोगट. निरोगी तोंडातही अमीबा निघू लागला. एमेटिन हृदयाला घातक, त्याची धास्ती वेगळीच. काही वर्षांत हा सिद्धांत अडगळीत गेला आणि अमीबाला ‘निरुपद्रवी भाडेकरू’ म्हणून सोडून देण्यात आलं. हेही घाईचंच झालं, कारण गेल्या दशकभरात डीएनए तपासण्यांतून रोगट कप्प्यांत तो निरोगी जागेपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडू लागला आहे. बॅसची गोष्ट मात्र इथे संपत नाही. १९४० मध्ये ट्युलेनच्या अधिष्ठातापदावरून निवृत्त झाल्यावर हा माणूस पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी बसला, दातांवरच्या थराचाच अभ्यास करत. ब्रशचे केस हिरडीच्या कडेला तिरके टेकवून हलके हलवायचे, ही दंतवैद्य आजही शिकवतात ती पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते. दातांत फिरवायच्या नायलॉनच्या दोऱ्याचाही तो मोठा पुरस्कर्ता. एका जंतूवर एक औषध शोधणारा संशोधक उतारवयात थर पुसून काढण्यावर येऊन ठेपला.

पहिल्या महायुद्धाने वेगळाच संशयित पुढे आणला. खंदकांतल्या सैनिकांच्या हिरड्या अचानक सडू लागत. टोकं कुरतडल्यासारखी होत, दुर्गंधी असह्य असे. अशा व्रणांत टोकदार काडीसारखे आणि मळसूत्री जिवाणू जोडीने राहतात, हे जर्मनीत प्लाउटने आणि फ्रेंच लष्करी वैद्य व्हँसांने १८९० च्या दशकात दाखवलं होतं. मग पेले उकळा, भांडी वेगळी ठेवा असे हुकूम सुटले. रोग प्रत्यक्षात संसर्गाने पसरत नव्हता. उपास, अस्वच्छता, अविरत धूम्रपान आणि मरणाची भीती यांनी खंगलेल्या शरीरात तोंडातलेच जिवाणू माजत होते.

याच रोगाने पुढे एक दार उघडलं, तेही अपघाताने. १९६२ मध्ये लंडनमध्ये एका स्त्रीला योनिमार्गातल्या ट्रायकोमोनास या जीवाच्या संसर्गासाठी मेट्रोनिडाझोल दिलं होतं. तिच्या हिरड्यांवर असेच तीव्र व्रण होते, आणि आठवड्याभरात दोन्ही दुखणी गेल्याचं तिनेच सांगितलं. डेव्हिड शिन या दंतवैद्याने ते ‘लॅन्सेट’मध्ये कळवलं. मेट्रोनिडाझोल तोवर आदिजीवांवरचं औषध म्हणून माहीत होतं. ते प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनाही मारतं, हे हिरड्यांमुळे कळलं. आज फ्लॅजिल किंवा मेट्रोजिल ही नावं मराठी घरांत जुलाबाच्या गोळ्या म्हणून ठाऊक असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गावर जगभर वापरल्या जाणाऱ्या या औषधाच्या कारकिर्दीला वळण लावलं ते सुजलेल्या हिरडीने. यीस्टवर मात्र ते काहीच करत नाही. ही बाब पुढे उपयोगी पडेल.

शतकाच्या मध्याला चौकशी थंडावली होती. जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात, मग दोष शरीराचा असणार, आहाराचा असणार, दात एकमेकांवर चुकीचे आपटण्याचा असणार, अशी मतं बळावली. ती मोडली सर्वेक्षणांनी. मिशिगनच्या सिगुर्ड रॅमफर्डने मोजक्या सहा दातांवरून हिरड्यांची अवस्था अंकांत मांडण्याची पद्धत १९५९ मध्ये दिली. याच रॅमफर्डचा मुंबईतल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांच्या हिरड्यांवरचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईसारख्या ठिकाणी हिरड्यांचे रोग कोवळ्या वयातच इतके आढळत की संशोधकांना ते वयोवृद्धांचं दुखणं म्हणून बाजूला सारणं शक्य नव्हतं. वेगवेगळ्या देशांतले आकडे शेजारी ठेवले तेव्हा दोनच गोष्टी पुन्हापुन्हा वर आल्या: वय आणि तोंडाची अस्वच्छता. बाकीची कारणं त्यांच्या मानाने फिकी.

पण आकड्यांतून नातं दिसतं, कार्यकारण सिद्ध होत नाही. ते १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुस शहरात हाराल्ड ल्यो या नॉर्वेजियन संशोधकाने केलं. निरोगी हिरड्यांची बारा माणसं, बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, त्यांना त्याने दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. थराचे नमुनेही तपासले जात होते. आधी गोल जिवाणू, मग काडीसारखे आणि धाग्यांसारखे, शेवटी मळसूत्री, अशी वस्ती बदलत गेली. ब्रश पुन्हा हाती दिल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत. इतका स्वस्त आणि इतका निर्णायक प्रयोग वैद्यकात क्वचितच सापडेल.

ल्यो तिथे थांबला नाही. १९७० मध्ये त्याच्या गटाने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरचे ४८० तमिळ मजूर निवडले. त्यांना ब्रश ठाऊक नव्हता, दंतवैद्य तर नव्हताच. दातांची कीड जवळपास शून्य, किटण मात्र सगळ्यांच्या दातांवर. पंधरा वर्षं त्यांना वेळोवेळी तपासलं. सगळ्यांची अस्वच्छता सारखीच, तेव्हा सगळ्यांचे दात सारखेच जायला हवे होते. तसं घडलं नाही. सुमारे ८ टक्क्यांचे दात झपाट्याने गेले, ८१ टक्क्यांचा रोग मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांच्या हिरड्या सुजल्या तरी हाडापर्यंत काही पोचलंच नाही. १९८६ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. आज रुग्णांना उपचाराविना पंधरा वर्षं पाहत राहण्याची परवानगी कोणतीही नीतिसमिती देणार नाही, आणि द्यायलाही नको. तेव्हाच्या गरीब मजुरांना तो प्रश्न कुणी कितपत विचारला असेल हे वाचताना डाचत राहतं. पण त्या ११ टक्क्यांनी एक पेच टाकला. घाण आहे, जंतू आहेत, तरी हाड शाबूत. मग फरक माणसात आहे की जंतूंच्या निवडीत?

जंतूंच्या निवडीत, असं मिशिगनच्या वॉल्टर लोशने १९७६ मध्ये म्हटलं. सगळा थर वाईट नसतो, त्यातल्या काही जाती वाईट. प्राणवायू वगळून जिवाणू वाढवण्याची साधनं याच सुमारास प्रयोगशाळांत आली होती, आणि एकच गुन्हेगार शोधण्याची जुनी हौस नव्या उमेदीने परतली. बॉस्टनच्या फोर्सिथ संस्थेत सिगमंड सॉक्रन्स्कीच्या गटाने १९९८ मध्ये १८५ माणसांच्या हिरड्यांखालचे तेरा हजारांहून जास्त नमुने डीएनए चाचणीने तपासले. जिवाणूंचे गट रंगांनी दाखवले. सगळ्यात खोल, रक्ताळ कप्प्यांत तीन जाती कायम एकत्र: पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस, टॅनरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. हा ‘लाल गट’ तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत बसला. मिलरचा समुदाय शंभर वर्षांनी परत आला, या खेपेला नावागावासकट. जर्मनीतल्या डालहाइमच्या मध्ययुगीन सांगाड्यांच्या किटणातून २०१४ मध्ये याच जिवाणूंचा डीएनए निघाला, तेव्हा लाल गट हजारेक वर्षांपूर्वीही असाच होता हे कळलं.

सॉक्रन्स्कीच्या यादीत चाळीस जाती होत्या. चाळीसही जिवाणू. यीस्ट एकही नव्हतं. ज्याची चाचणीच नाही ते सापडणार कसं?

खरं तर यीस्टने तोवर अनेकदा हजेरी लावली होती. प्रतिजैविकं आली आणि जिवाणू मेलेल्या तोंडांत पांढरे चट्टे उमटू लागले. त्यावरचं पहिलं भरवशाचं औषध एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी शोधलं. एक न्यू यॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत; मातीचे नमुने आणि अर्क टपालाने ये-जा करत. व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीत हवा तो सूक्ष्मजीव मिळाला आणि १९५० मध्ये निस्टॅटिन जाहीर झालं. औषधाच्या स्वामित्वाचे सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. १९६६ च्या महापुरानंतर फ्लॉरेन्समधल्या भिजलेल्या चित्रांवर बुरशी चढू लागली, तिथेही हेच निस्टॅटिन वापरलं गेलं. दंतवैद्यांच्या लेखी मात्र कँडिडा राहिली ती जिभेवर, टाळूवर आणि कवळीखाली. हिरडीच्या आतला कप्पा तिचा मुलूख मानलाच जात नव्हता.

१९८० च्या दशकात एचआयव्हीने ही हद्द पुसली. काही रुग्णांच्या हिरडीच्या कडेला एक लालभडक, बारीक पट्टा दिसे. थर अगदी कमी, किटण साफ केलं तरी पट्टा तसाच. त्याला आधी ‘एचआयव्हीची हिरडी’ असंच म्हटलं गेलं. पुढे त्यात कँडिडा सापडत गेली, बुरशीनाशकांनी पट्टा फिकटू लागला. १९८८ मध्ये स्लॉट्स, रॅम्स आणि लिस्टगार्टन यांनी तर एचआयव्हीशी संबंध नसलेल्या, पण पायरियाने गंभीर झालेल्या प्रौढांच्या कप्प्यांतून यीस्ट वाढवून दाखवलं. अखेर १९९९ मध्ये इलिनॉयच्या ओक ब्रुक इथे हिरड्यांच्या रोगांचं नवं वर्गीकरण ठरलं, त्यात ‘बुरशीजन्य हिरडीविकार’ असा स्वतंत्र रकाना आला. बेर्गने तान्ह्या बाळांच्या तोंडात कँडिडा पकडल्यापासून दीडशेहून अधिक वर्षांनी.

नंतर डीएनएच्या साधनांना बुरशीही दिसू लागली. क्लीव्हलंडमध्ये महमूद घनूम यांच्या गटाने २०१० मध्ये वीस निरोगी माणसांची तोंडं तपासली. बुरशीच्या ८५ प्रजाती निघाल्या, कँडिडा वीसातल्या पंधरांत होती. म्हणजे नुसतं सापडणं हा गुन्हा नव्हे, हा अमीबाने शिकवलेला धडा इथेही लागू.

मग यीस्ट करतं काय? कँडिडाची पेशी जिवाणूच्या कितीतरी पट मोठी असते, आणि संधी मिळाली की ती लांब धागे सोडते. हे धागे थराला सांगाडा पुरवतात. ती प्राणवायू खर्च करते, त्यामुळे तिच्या दाट वस्तीच्या आत प्राणवायूला घाबरणारे जिवाणू सुखाने राहू शकतात. एरवी ज्या हवेत ते मरतील तिथेही. २०१८ मध्ये दाखवलं गेलं की पॉर्फिरोमोनासच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन कँडिडाच्या धाग्यावरच्या एका विशिष्ट प्रथिनाला जाऊन बिलगतं. दोघं योगायोगाने शेजारी आलेले नाहीत, एकमेकांना धरण्याची सोय त्यांच्यापाशी आहे. २०२० च्या एका अभ्यासात कँडिडासोबत असलेला पॉर्फिरोमोनास रोगप्रतिकारक पेशींच्या नजरेतून निसटताना दिसला. हे सगळं बहुतांशी प्रयोगशाळेतल्या तबकडीवरचं आणि उंदरांतलं. साध्या, नेहमीच्या पायरियात यीस्टचा वाटा किती, यावर संशोधकांत एकमत नाही, आणि बुरशीनाशक गोळ्यांनी पायरिया बरा होतो असं कुणी म्हणत असेल तर त्याला एमेटिनची गोष्ट सांगावी.

पॉर्फिरोमोनासवरही यादरम्यान नवा प्रकाश पडला. २०११ मध्ये जॉर्ज हाजिशेंगालिस यांच्या गटाने उंदरांच्या तोंडात तो अगदी किरकोळ संख्येने सोडला. एकूण जिवाणूंच्या शंभरात एक भागही नाही, तरी सगळ्या वस्तीची घडी विस्कटली आणि हाड झिजलं. पण ज्या उंदरांच्या तोंडात दुसरे कोणतेच जंतू नव्हते, त्यांच्या हाडाला त्याच पॉर्फिरोमोनासने धक्काही लावला नाही. लाल गटाचा म्होरक्या एकटा असला की निरुपद्रवी ठरला.

दवाखान्यात याचा परिणाम थोडाच, पण ठोस. साखर आटोक्यात नसलेला मधुमेही, कवळी रात्रंदिवस न काढणारे आजोबा, दम्यासाठी स्टिरॉइडचा फवारा घेऊन चूळ न भरणारा रुग्ण, मेट्रोनिडाझोलचे कोर्स एकामागून एक घेऊनही हिरड्या लालच असलेली बाई, यांच्या तोंडात दंतवैद्य आता कँडिडाचाही विचार करतो. जिवाणू मारणाऱ्या गोळ्यांनी रिकामी झालेली जागा यीस्ट पटकावतं, म्हणून गोळ्या लिहिताना हात आखडता ठेवण्याचा सल्ला असतो. क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या जिवाणू आणि यीस्ट दोघांनाही लागू पडतात, पण लेव्हेनहूकच्या व्हिनेगरसारख्याच थराच्या आत पुरेशा पोचत नाहीत. त्यामुळे खुर्चीवर बसवल्यावर पहिलं काम तेच, जे रिग्जने हार्टफर्डमध्ये केलं आणि सुश्रुतसंहितेने सांगून ठेवलं. आता हत्यार विजेवर कंप पावतं, त्यातून पाण्याचा फवारा येतो आणि किटण एका बैठकीत निघालं नाही तर पुढच्या आठवड्याची वेळ देतात.